रौद्राचे पर्यवसान : ‘कॅरी ऑन’ हे रॉक गीत आणि युद्धखेळातील शोकाचा प्रश्न

प्रस्तावना

युद्ध आणि गीत यांचे नाते पुरातन आहे. सैन्याला उत्साह देणारे गीत, विजयाचे वर्णन करणारे गीत आणि मृतांसाठी शोक करणारे गीत हे त्याचे परिचित प्रकार होत. व्हिडिओ गेम या माध्यमाने त्यात आणखी एका प्रकाराची भर घातली आहे. युद्धाचा खेळ संपल्यावर खेळाडूला त्या युद्धातून बाहेर आणून सोडणारे गीत, असे त्याचे वर्णन करता येईल. ‘ॲव्हेंज्ड सेव्हनफोल्ड’ या अमेरिकन बँडचे ‘कॅरी ऑन’ हे गीत या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. हे गीत २०१२ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स २’ या युद्धखेळासाठी तयार झाले. मृत्यू आणि सूड यांनी भरलेल्या कथेच्या अखेरीस हे गीत नेमके कोणते कार्य करते, याचा विचार प्रस्तुत लेखात भारतीय रससिद्धांताच्या आधारे करावयाचा आहे.

बँड आणि त्याची युद्धविषयक गीते

हा बँड १९९९ साली कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे स्थापन झाला. या खेळमालिकेशी त्याचा संबंध एका गीतापुरता नाही. २०११ मध्ये ‘ब्लॅक ऑप्स’साठी ‘नॉट रेडी टू डाय’ आणि २०१८ मध्ये ‘ब्लॅक ऑप्स ४’साठी ‘मॅड हॅटर’ ही गीतेही त्याने दिली. तथापि युद्ध हा विषय या बँडकडे खेळामुळे आला, असे मात्र म्हणता येत नाही. २००५ च्या ‘सिटी ऑफ इव्हिल’ या संग्रहातील अखेरचे गीत ‘एम.आय.ए.’ हे सैनिकाच्या मनातील संभ्रम आणि अपराधभाव यांना वाचा फोडते. २०१० च्या ‘नाइटमेअर’ या संग्रहातील ‘डेंजर लाइन’ हे गीत रणभूमीवर मरणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीतून रचलेले आहे. डिसेंबर २००९ मध्ये बँडचा ढोलवादक ‘द रेव्ह’ याचे निधन झाले होते आणि त्या दुःखाची गडद छाया ‘नाइटमेअर’वर पडलेली आहे. शोकाला स्वर देण्याचे सामर्थ्य या बँडपाशी होते, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावयास हवे.

‘कॅरी ऑन’ची प्रकृती मात्र निराळी आहे. वेगवान ढोलवादन, दोन गिटारींचे परस्परांना समांतर धावणारे स्वर आणि समूहाने उचलून धरावे असे ध्रुवपद ही त्याची वैशिष्ट्ये होत. संकटातही पुढे चालत राहावे, हा शीर्षकातच व्यक्त झालेला त्याचा आशय आहे. रसदृष्ट्या पाहता ‘उत्साह’ हा त्याचा स्थायीभाव असून ते वीररसाचे गीत ठरते. स्वतंत्रपणे ऐकता त्याचे हे आवाहन प्रामाणिक आणि प्रभावी वाटते. प्रश्न निर्माण होतो तो त्याला खेळामध्ये मिळालेल्या स्थानामुळे.

खेळाची कथा आणि इतिहास

ट्रेयार्क या संस्थेने घडविलेल्या व ॲक्टिव्हिजनने प्रकाशित केलेल्या या खेळाचे कथानक १९८० चे दशक आणि तेव्हा भविष्यकाळ असलेले २०२५ हे वर्ष अशा दोन कालपटांवर चालते. राऊल मेनेंडेझ हा निकाराग्वाचा रहिवासी त्यातील प्रतिनायक होय. त्याची बहीण जोसेफिना बालपणी एका अमेरिकन व्यावसायिकाने विम्यासाठी लावलेल्या आगीत होरपळते आणि १९८६ मध्ये फ्रँक वुड्स या अमेरिकन सैनिकाने फेकलेल्या हातबाँबमुळे प्राण गमावते. १९८९ मध्ये पनामात मेनेंडेझ याचा सूड घेतो. वुड्सच्या हातून त्याच्याच मित्रावर गोळी झाडविली जाते आणि वुड्स स्वतः कायमचा अपंग होतो. प्रतिनायकाच्या क्रोधाला कारण देणारी ही रचना सामान्य युद्धखेळापेक्षा निश्चितच वरच्या दर्जाची आहे.

या कथेचे धागे प्रत्यक्ष इतिहासाशी जोडलेले आहेत. ज्या १९८६ मध्ये जोसेफिना मरते, त्याच वर्षी २७ जून रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांना दिलेली मदत आणि बंदरांत पेरलेले सुरुंग यांबाबत अमेरिकेला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भंगासाठी दोषी धरले. त्याच वर्षाच्या अखेरीस काँट्रांना पुरविलेल्या गुप्त निधीचे प्रकरण उघडकीस आले. त्या प्रकरणातील प्रमुख अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ हा या खेळात स्वतःच्याच भूमिकेत आणि स्वतःच्याच आवाजात उपस्थित आहे. पनामाचा मॅन्युएल नोरिएगा आणि अंगोलाचा जोनास साव्हिंबी हेही त्यातील पात्रे आहेत. नोरिएगाने २०१४ मध्ये अमेरिकेत दाखल केलेला दावा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. साव्हिंबीच्या कुटुंबीयांचा दावाही २०१६ मध्ये फ्रान्समधील न्यायालयात टिकला नाही. कलाकृतीचे स्वातंत्र्य या निर्णयांनी राखले, हे योग्यच झाले. परंतु ज्या युद्धांत खरी माणसे मेली, त्यांच्या स्मृतीचे काय करावयाचे हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. तो समीक्षेचा प्रश्न आहे.

रौद्र, करुण आणि हास्य

भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानून त्यांपासून इतर चार रसांची उत्पत्ती सांगितली आहे. शृंगारापासून हास्य निर्माण होते, तर रौद्रापासून करुण. रौद्राचे जे कर्म तोच करुण, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. क्रोधाने केलेल्या कृतीचा परिणाम कोणाच्या तरी शोकात होतो, हा त्यातील साधा पण खोल अर्थ होय.

आश्चर्य असे की खेळाच्या मध्यभागी हाच क्रम अचूकपणे साधला आहे. निकाराग्वातील प्रसंगात काही काळ खेळाडूला मेनेंडेझची भूमिका घ्यावी लागते. बहिणीपर्यंत पोहोचण्यासाठी तो बेभान होऊन संहार करीत सुटतो आणि त्या संहाराच्या शेवटी जोसेफिनाचा मृत्यू येतो. येथे रौद्रातून करुण जन्माला येतो, आणि ज्याला शत्रू म्हणून मारावयाचे आहे त्याचे दुःख खेळाडूच्या वाट्याला येते.

अखेरीस मात्र हा क्रम मोडला जातो. कथेचा शेवट खेळाडूच्या निर्णयांनुसार बदलतो. मेनेंडेझ मारला जातो किंवा पकडला जातो. परंतु त्यानंतरच्या श्रेयनामावलीच्या दरम्यान बँडचे कलावंत स्वतः अवतरतात आणि त्यांच्यासोबत मेनेंडेझ व वुड्स हे दोघेही ‘कॅरी ऑन’च्या मैफलीत सामील होतात. बहिणीचा मारेकरी आणि त्याला अपंग करणारा सूडकरी एकाच मंचावर येतात. रौद्राची परिणती येथे करुणात न होता हास्यात होते आणि वीररसाचे गीत त्या हास्याचे साधन बनते.

यावर असा आक्षेप घेता येईल की हा प्रसंग केवळ गंमतीचा आहे आणि गंभीर नाट्यानंतर प्रहसन सादर करण्याची प्रथा जुनीच आहे. ‘हा खेळ आहे’ याची जाणीव करून देणारे हे दुरावीकरण आहे, असेही म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि ब्रेख्तच्या रंगभूमीवरील दुरावीकरण प्रेक्षकाचे लक्ष भावनेकडून सामाजिक कारणांकडे वळविते. येथे लक्ष वळते ते बँडच्या लोकप्रियतेकडे. विमा, वसाहतवादी हस्तक्षेप, गुप्त निधी या कथेने स्वतःच उपस्थित केलेल्या कारणांची पुन्हा आठवण होऊ नये, अशीच या प्रसंगाची योजना आहे. ‘पुढे चालत राहा’ हा उपदेश जोसेफिनाला लागू होत नाही, आणि नेमकी तीच या मंचावर नाही.

निष्कर्ष

‘कॅरी ऑन’ हे गीत स्वतः सदोष नाही. दोष आहे तो शोकाची जागा उत्साहाला देणाऱ्या योजनेत. ‘डेंजर लाइन’सारखे गीत रचणाऱ्या बँडकडून खेळाच्या निर्मात्यांनी शोकगीत मागितले असते, तर ते त्याला अशक्य नव्हते. ते मागितले गेले नाही, यातच या माध्यमाच्या अर्थकारणाची मर्यादा दिसून येते. खेळाडूने पुढचा डाव सुरू करावा, पुढचा भाग विकत घ्यावा, यासाठी त्याचे मन हलके करणे आवश्यक असते. शोक मात्र मनुष्याला थांबवितो. जी कलाकृती शत्रूच्या बहिणीसाठी क्षणभर तरी खेळाडूला थांबवू शकली, तिनेच अखेरीस त्याला थांबू दिले नाही, ही या खेळाची शोकांतिका होय.