वर्गणीदार, ग्राहक की माल? : फुटबॉलचे हंगामी तिकीट आणि दूरचित्रवाणीवरील सामना

प्रस्तावना :

प्रस्तुत लेखाचा विषय वऱ्हाडातील वाचकाला प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. अमरावती किंवा अकोला येथे व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही, त्यामुळे त्याचे हंगामी तिकीट येथील क्रीडाप्रेमींनी हाताळण्याचाही प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडे 'सीझन' म्हटले की कापसाचा सीझन आठवतो, किंवा फार तर बडनेऱ्याहून रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराचा रेल्वेचा पास. तरीही पदवीच्या कोणत्याही वर्गात डोकावले तर लिव्हरपूल, बार्सिलोना, मँचेस्टर युनायटेड यांचे रंगीत सदरे घातलेली दोन-चार मुले हमखास दिसतात. त्यांतील बहुतेकांनी एकही मोठा सामना मैदानावर बसून पाहिलेला नसतो. त्यांचे सारे फुटबॉल पडद्यावरचे आहे. आणि त्या पडद्यावर खेळाडूंइतकेच मोलाचे काही असेल तर ते गाणारे, उसळणारे, भरलेले प्रेक्षागार. हे प्रेक्षागार भरणारा माणूस कोण, तो पैसे कशाचे देतो, आणि प्रक्षेपणाच्या व्यवहारात त्याचे स्थान कोणते, हा येथे चर्चेचा प्रश्न आहे. तिकीट स्वस्त असावे की महाग, या स्वरूपात हा वाद सहसा मांडला जातो. ती मांडणी अपुरी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वर्गणी आणि तिकीट :

आपल्या परंपरेत खेळ पाहण्याचे पैसे देण्याची रीत नव्हती. खेळ भरवण्याचे पैसे देण्याची होती. जत्रेतील कुस्त्यांचा फड असो की तळेगाव दशासरचा शंकरपट, भोवती उभा असलेला माणूस हा ग्राहक नसतो. बक्षिसाची रक्कम गावकऱ्यांच्या वर्गणीतून, देणग्यांतून जमते. म्हणून पाहणाऱ्याला पंचाच्या निर्णयावर बोलण्याचा हक्क आहे असे तो मानतो आणि बोलतोही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, हे आपण अभिमानाने सांगतो. प्रवेशशुल्काच्या गल्ल्यावर उभी राहिलेली ही संस्था नव्हे. ग्रंथालयाचेही तसेच. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाचा सभासद वर्गणी भरतो ती एका पुस्तकाची किंमत म्हणून नव्हे. संस्था चालावी आणि आपण तिचे असावे म्हणून.

तिकिटाचा व्यवहार याहून निराळा आहे. तो एका वेळेपुरता असतो. पैसे दिले, आसन मिळाले, खेळ संपला, संबंध संपला. चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्याला चित्रपटगृहाच्या कारभाराविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो व इच्छाही नसते.

हंगामी तिकीट या दोहोंच्या मध्ये उभे आहे, आणि त्यातच त्याची गुंतागुंत आहे. संघ जिंकेल की हरेल हे ठाऊक नसताना, कोणते खेळाडू राहतील याची शाश्वती नसताना, पाठीराखा वर्षभराचे पैसे आगाऊ देतो. वृत्ती वर्गणीदाराची, व्यवहार मात्र तिकिटाचा. क्लब किंमत ठरवतात तेव्हा त्याला ग्राहक समजतात. भावनिक आवाहन करतात तेव्हा कुटुंबीय म्हणतात. इंग्लिश लेखक निक हॉर्नबी याने 'फीव्हर पिच' (१९९२) या आत्मकथनात आर्सेनल क्लबवरील आपल्या निष्ठेचा जो हिशेब मांडला आहे, त्यात हा ताण जागोजागी दिसतो. सामन्यातील वातावरण हा खेळाचाच घटक आहे आणि ते प्रेक्षक निर्माण करतात, हे त्याने नेमके हेरले होते. पुस्तक ज्या वर्षी आले त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

इंग्लंडचा अनुभव :

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालाने वरच्या श्रेणीतील मैदानांत उभे राहण्याच्या जागा बंद करून सर्वत्र आसने बसवण्याची शिफारस केली. आसने बसवली म्हणून दर फार वाढवण्याचे कारण नाही, असेही टेलर यांनी नोंदवले होते. त्यांची पहिली सूचना अमलात आली. दुसरी विसरली गेली. पुढे १९९२ मध्ये पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचा ३०.४ कोटी पौंडांचा करार झाला. २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी देशांतर्गत हक्कांचा आकडा ६७० कोटी पौंडांवर गेला आहे. साध्या तर्काने पाहता, दूरचित्रवाणीकडून एवढे धन येत असेल तर मैदानावरचे तिकीट स्वस्त व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते महागच होत गेले. कारण प्रक्षेपणाचा पैसा मुख्यतः खेळाडूंच्या वेतनात व हस्तांतरणाच्या चढाओढीत जिरतो. आणि पडद्यावर गाजलेल्या संघाच्या मैदानावर बसण्याची प्रतिष्ठा वाढल्याने जास्त पैसे मोजणारा नवा प्रेक्षकही मिळतो. जुन्या प्रेक्षकाने घडवलेल्या वातावरणाची किंमत अशा रीतीने त्याच्याच खिशातून वसूल होते.

कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइथ याने १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले की, व्यापारी प्रसारमाध्यमे कार्यक्रम विकत नाहीत. ती जाहिरातदारांना प्रेक्षक विकतात. माल म्हणजे प्रेक्षक. स्माइथची दृष्टी घरात बसलेल्या प्रेक्षकावर होती. मैदानावरील प्रेक्षकाला ती लावली तर चित्र अधिकच विलक्षण होते. हा माणूस आधी पैसे देऊन आत येतो, दोन तास गातो-ओरडतो, आणि त्याचे हे गाणे-ओरडणे प्रक्षेपणाचा भाग म्हणून पुन्हा विकले जाते. नाटकात जमावाचे काम करणाऱ्यालाही रात्रीचे मानधन मिळते. येथे जमावच तिकीट काढून रंगमंचावर येतो. हे अतिशयोक्त वाटत असेल तर २०२० चा उन्हाळा आठवावा. महामारीमुळे रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले तेव्हा इंग्लंडमधील वाहिन्यांनी ध्वनिमुद्रित गर्दीचा आवाज जोडून दाखवला. गर्दी ही विकाऊ वस्तू आहे, याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

प्रतिकार झाला तोही वर्गणीदाराच्या बाण्याने. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या हजारो पाठीराख्यांनी ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला मैदान सोडले. काही दिवसांतच क्लबने दर मागे घेतले. त्याच वर्षी लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. पडद्यावर ओस पडत जाणारे प्रेक्षागार दिसणे मालकांना परवडणारे नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. जर्मनीत तर क्लबच्या मतांचा बहुसंख्य हिस्सा सभासदांकडे राहावा असा नियम आहे. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूस सुमारे २५ हजार माणसे आजही उभी राहून सामना पाहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकण्याची योजना पाठीराख्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून फेकून रद्द करायला लावली.

भारतीय लीग : प्रेक्षकाविना चालते, प्रायोजकाविना थांबते :

आपल्याकडील इंडियन सुपर लीग ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली ती मुळातच दूरचित्रवाणीसाठी. सामने रात्री, दिव्यांच्या झगमगाटात. रात्री साडेनऊ-दहाला मैदानाबाहेर पडणाऱ्या माणसाने घरी कसे जायचे, हा प्रश्न वेळापत्रक आखणाऱ्याला पडत नाही. जामठ्याचा दिवस-रात्र क्रिकेट सामना पाहून अमरावतीला परतलेल्या कोणालाही तो ठाऊक आहे. तिकिटाइतकाच खर्च गाडीला होतो, आणि तो तिकिटावर छापलेला नसतो.

महाराष्ट्रात या लीगचे दोन क्लब झाले. मुंबई सिटी नेरूळहून २०१६ मध्ये अंधेरीच्या लहानशा मैदानात आला. पुण्याचा एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळे. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. पुढे २०२५ मध्ये हैदराबादच्या क्लबनेही बस्तान हलवले व दिल्लीचे नाव धारण केले. पाच वर्षे बालेवाडीला जाणाऱ्या पाठीराख्याने जे वर्गणी म्हणून दिले असेल ते तिकीटच होते, हे त्याला अशा रीतीने कळले. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने मात्र काही बिघडले नाही. वेळापत्रकातील रकाना भरलेला राहिला.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. देशात फुटबॉल जेथे खऱ्या अर्थाने गावोगावी रुजले त्या प्रदेशांत गोवा अग्रभागी. तेथील धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन क्लबांनी २०१६ मध्ये नव्या रचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले. जुने क्लब मागे पडले, एफसी गोवा उरला. त्याला फातोर्ड्यात प्रेक्षक मिळाला, भरभरून मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी व वास्को येथे बंद दरवाजांआड खेळवले गेले. मडगावच्या माणसाच्या गल्लीत देशातील सारे संघ उतरले होते आणि त्याने ते घरातल्या पडद्यावर पाहिले. २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्याला तेवढी दारे उघडली. महामारीत दुसरा पर्याय नव्हता, हे मान्य. तथापि त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली : तिकीटविक्री शून्यावर आली तरी ही लीग दोन वर्षे चालू शकते.

याच्या उलट बाजू २०२५ मध्ये दिसली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये १५ वर्षांसाठी केलेला ७०० कोटी रुपयांचा व्यापारी हक्कांचा करार संपत आला, पुढील कराराचे जुळेना, आणि जुलैमध्ये नवा हंगाम स्थगित असल्याचे क्लबांना कळवण्यात आले. नोव्हेंबरमध्ये निविदेची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. अखेर जानेवारी २०२६ मध्ये, १४ फेब्रुवारीपासून आखडता हंगाम खेळवण्याचे जाहीर झाले. मैदाने होती, खेळाडू होते, प्रेक्षक होते. व्यापारी भागीदार नव्हता, म्हणून खेळ नव्हता. या दोन घटना शेजारी ठेवल्या की भारतीय हंगामी तिकिटाची खरी किंमत कळते. ती रुपयांत कमी आहे की जास्त, हा मुद्दा गौण ठरतो. ज्याच्या असण्याने वा नसण्याने संस्थेचे अस्तित्व ठरत नाही, त्याला वर्गणीदार म्हणता येत नाही.

कायदा कोणाकडे पाहतो :

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून तो वाद उद्भवला होता. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. दोन्हींत घरातील प्रेक्षकाचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे. खेड्यातल्या माणसाला त्यामुळेच सामना फुकट दिसतो. मैदानावरील प्रेक्षकाची दखल शासन घेते ती करापुरती. मान्यताप्राप्त स्पर्धेचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट वस्तू व सेवा करातून मुक्त, त्यावरील तिकिटास १८ टक्के, आणि आयपीएलच्या तिकिटास सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपणास बंदी आहे, कारण त्या वेळी लहान क्लबांचे सामने असतात आणि त्यांची मैदाने ओस पडू नयेत. प्रक्षेपणाला वेळेची लगाम घालता येते, ही कल्पनाच आपल्या चर्चेत नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. दर कमी केल्याने प्रेक्षक येतील काय? फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठा येथे विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. रणजी सामन्यांना प्रवेश सहसा विनामूल्य असतो, आणि प्रेक्षागारे बव्हंशी रिकामी असतात. आपल्याच मातीतील मुले देशातील सर्वोच्च स्थानिक करंडक जिंकत असताना आपण वऱ्हाडकर त्यांना फुकटही पाहायला जात नाही. तीच मुले आयपीएलमध्ये दिसली की त्यांची नावे पाठ होतात. तेव्हा दर हा एकमेव अडसर नव्हे. काय पाहण्याजोगे आहे हेही पडदाच ठरवू लागला आहे, आणि या सवयीचा दोष केवळ वाहिन्यांवर ढकलता येणार नाही. या बाबतीत आपण प्राध्यापक मंडळीही अपवाद नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्याला आपल्यापैकी किती जण शारीरिक शिक्षण संचालकांच्या शेजारी जाऊन बसतात?

महाराष्ट्रात याला छेद देणारे गाव आहे ते कोल्हापूर. तेथील शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल या संघांचे सामने पाहायला लोटणारी गर्दी कोणत्याही वाहिनीने घडवलेली नाही. संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. खेळाडू गल्लीतला, आणि गणेशोत्सवाला ज्या मंडळाची वर्गणी द्यायची त्याच मंडळाचा संघ. तेथेही प्रवेशाला तिकीट असते. पण पेठेतला माणूस ते काढतो तेव्हा तो वर्गणीच भरत असतो. संघ दुसऱ्या शहरात हलवला जाण्याची भीती त्याला नाही. पेठ हलवता येत नाही. हुल्लडबाजी आणि पेठापेठांमधील मारामाऱ्या हा या आपलेपणाचा दुसरा चेहरा आहे, आणि त्यासाठी सामने थांबवावे लागल्याचे प्रसंगही आले आहेत. तरीही प्रेक्षकावाचून खेळ उभाच राहत नाही अशी रचना पाहायची असेल तर ती येथे आहे.

राष्ट्रीय लीगच्या व्यापारी हक्कांची मांडणी आता नव्याने होत आहे. त्या वाटाघाटींत महासंघ, क्लब, प्रक्षेपक आणि प्रायोजक यांची बाजू मांडणारे आहेत. दूरचित्रवाणीसाठी सामन्याची वेळ बदलली तर हंगामी तिकिटाचे किती पैसे परत मिळावेत, क्लब बंद पडला किंवा स्थलांतरित झाला तर उरलेल्या सामन्यांची भरपाई कोणी द्यावी, प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग स्वस्त जागांसाठी राखून ठेवावा काय, क्लबच्या कार्यकारिणीत तिकीटधारकांचा एक तरी निवडलेला प्रतिनिधी असावा काय, हे प्रश्न करारात लिहिता येण्याजोगे आहेत. ते लिहिले जावेत यासाठी फातोर्ड्याच्या, अंधेरीच्या प्रेक्षकाला आधी संघटित व्हावे लागेल. आणि पुण्यात तर ज्या क्लबकडे ही मागणी करायची तोच आता उरलेला नाही.