जाळ्यावरची अक्षरे

लहान मुलांच्या पुस्तकात मरण असावे की नसावे, हा प्रश्न पालक आणि शिक्षक आम्हांला वारंवार विचारतात. अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शार्लट्स वेब’ या २२ प्रकरणांच्या प्राणिकथेत या प्रश्नाला पहिल्याच पानावर तोंड फोडलेले आहे. डुकराचे एक पिलू दुबळे निपजले म्हणून बाप कुऱ्हाड घेऊन निघतो आणि आठ वर्षांची फर्न त्याला अडवते. विल्बर नावाचे हे पिलू पुढे झुकरमन यांच्या गोठ्यात वाढते. थंडी पडली की आपली कत्तल ठरलेली आहे, हे तेथे त्याला कळते. दाराच्या चौकटीवर राहणारी शार्लट त्याला वाचवण्याचा शब्द देते आणि आपल्या जाळ्यात त्याच्या स्तुतीची अक्षरे विणते.

शार्लटला मराठीत काय म्हणावे? ‘कोळीण’ म्हटले, तर किनाऱ्यावरील आमच्या वाचकांपुढे मासळीची पाटी घेतलेली बाई उभी राहील. पण जाळ्यावर जगणे आणि पोराबाळांसाठी झिजणे दोघींच्याही वाट्याला आले आहे, तेव्हा हा घोटाळा आम्हांला फारसा खटकत नाही.

व्यासपीठावर उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र हे पुस्तक एका ठिकाणी बोचते. जाळ्यावर अक्षरे उमटताच शेतमालक पाळकांकडे धाव घेतो आणि पाळक रविवारच्या प्रवचनात त्या चमत्काराचा अर्थ लगोलग सांगून मोकळे होतात. सारे लोक डुकराकडे पाहतात; विणणारीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. पुढे डॉ. डोरियन फर्नच्या आईला सुचवतात की, अक्षरे राहू द्या, मुळात जाळे हाच चमत्कार आहे. पाळकांना जे सुचले नाही ते डॉक्टरांना सुचले, हे वाचून आम्ही क्षणभर थबकलो. आमची किती प्रवचने अशी घाईने अर्थ सांगणारी झाली असतील?

शार्लटचे काही शब्द टेम्पलटन नावाचा स्वार्थी उंदीर उकिरड्यावरून आणतो. ‘तेजस्वी’ या अर्थाचा शब्द तर साबणाच्या वेष्टनावरचा! जाहिरातीतला शब्द मायेने उच्चारला की खरा होतो काय? विल्बर त्या शब्दांना जागण्याचा मनापासून प्रयत्न करतो, हे व्हाइट यांचे उत्तर आम्हांला पटते. अखेरचा शब्द ‘नम्र’ हा आहे, आणि तो त्याला मुळातच शोभतो.

एक आक्षेप मात्र नोंदवलाच पाहिजे. कीर्तीमुळे एक डुक्कर वाचले. ज्यांच्यासाठी कोणी अक्षरे विणली नाहीत, त्यांचे काय? जत्रेत पहिले बक्षीस पटकावणाऱ्या दांडग्या डुकराचे पुढे काय झाले, हे लेखक सांगत नाही. व्हाइट स्वतः मेन राज्यात शेती करीत आणि डुकरे पाळीत. आजारी डुकराला वाचवता न आल्याची हळहळ त्यांनी १९४८ सालच्या एका निबंधात व्यक्त केली होती. तेव्हा हे मौन अजाणतेपणाचे नव्हे. तरीही ते आम्हांला अपुरे वाटते.

शार्लट ५१४ अंडी मागे ठेवून ओस पडलेल्या जत्रेच्या मैदानावर एकटीच मरते. कोणीही जवळ नसते. व्हाइट येथे सांत्वनाचे एकही वाक्य लिहीत नाहीत. विल्बर अंड्यांची पिशवी तोंडात धरून घरी आणतो आणि हिवाळाभर जपतो. वसंतात पिले बाहेर पडतात, बहुतेक वाऱ्यावर उडून जातात. तीन मात्र त्याच्यापाशी राहतात. शार्लटला तो विसरत नाही.

म्हणून पालकांना आम्ही सांगू : हे पुस्तक मुलांच्या हाती जरूर द्या, मात्र ते प्रकरण त्यांच्याशेजारी बसून वाचा. मूल रडले, तर अर्थ सांगण्याची घाई करू नका.