अक्षरांचे रंग आणि अनुवादक

एखाद्या कवीने आवाजाला रंग दिला किंवा उन्हाला वास दिला, की समीक्षेत हल्ली ‘सिनेस्थेशिया’ हा शब्द झटकन येतो. मला तो बहुतेक वेळा आळशी वाटतो. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ साली मांडलेली उपपत्ती अशी: मेंदूत अक्षरे ओळखणारा आणि रंग ओळखणारा भाग शेजारीशेजारी असतात; त्यांच्यात जादा जोडण्या राहिल्या, तर अक्षर दिसताच रंगही उमटतो. रूपकाचे मूळही अशाच जोडण्यांत असावे, असे ते सुचवतात. हे दुसरे विधान मला पटत नाही.

नाबोकोव्हचे ‘स्पीक, मेमरी’ पाहा. लहानपणी खेळातल्या ठोकळ्यांवरच्या अक्षरांचे रंग चुकले आहेत, असे त्याने आईला सांगितले. तिलाही अक्षरे रंगीतच दिसत. इंग्रजीतला ‘ए’ त्याला ऊनपावसाने विटलेल्या लाकडासारखा भासतो आणि फ्रेंचमधला ‘आ’ चकचकीत आबनुसासारखा. कागदावर दोन्ही एकच खूण! उच्चार बदलला, रंग बदलला. मग मराठी अनुवादकाने करायचे काय? देवनागरीत लिहिताच एका खुणेची दोन अक्षरे होतात आणि उताऱ्यातली सगळी गंमत तळटीपेत जाऊन बसते. या रंगांना कारण नाही, म्हणून त्यांना पर्यायही नाही.

रूपकाचे तसे नसते. मर्ढेकरांनी ‘भावनिष्ठ समतानता’ म्हटले, ते इथे उपयोगी पडते: दोन दूरच्या प्रतिमा भावनेच्या एका सुरावर जुळतात, आणि तो सूर लागला की नाही हे वाचकाला पारखता येते. ‘कोवळे ऊन’ म्हणायला मेंदूत जादा जोडणी लागत नाही. भाजीतला कोवळेपणा बोटांना ठाऊक असला की पुरे.

रँबोचे ‘स्वर’ हे सुनीत नेहमी नाबोकोव्हच्याच रांगेत बसवले जाते. पण स्वरांचे रंग आपण शोधून काढले, अशी फुशारकी त्याने स्वतःच १८७३ मध्ये मारली होती. शोधून काढलेले रंग दुसऱ्या भाषेत पुन्हा शोधता येतात. त्याच्या मराठी अनुवादकाने ‘ई’ला वेगळा रंग दिला, तर मी कविता वाचून तो रंग तिथे शोभतो का एवढेच बघेन. नाबोकोव्हच्या अनुवादकाला मात्र ही मुभा मी देणार नाही.