अनंत फंदीचा ‘नको’

शाळेत असताना अनंत फंदीचा तो सुप्रसिद्ध फटका आम्ही प्रार्थनेनंतर, प्रार्थनेच्याच सुरात म्हणत असू. त्यामुळे फंदी म्हणजे कोणी उपदेश करणारे वयोवृद्ध आजोबा, अशी माझी समजूत बरीच वर्षे होती. पुढे संगमनेरात एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याकडून तोच फटका मी ठेक्यात ऐकला. प्रत्येक ‘नको’वर तो थाप द्यायचा आणि समोर बसलेल्यांपैकी एकाकडे मिश्कीलपणे पाहायचा. ज्याच्याकडे पाही तो ओशाळे, बाकीचे हसत. आपण शाळेत नेमके काय गमावले ते मला त्या दिवशी कळले.

फंदी (१७४४–१८१९) मूळचा संगमनेरचा, आडनावाने घोलप. लावण्या, पोवाडे, फटके रचून ते फडावर स्वतः गाणारा हा तमासगीर. त्याच्याविषयी सर्वांत अधिक सांगितली जाते ती अहिल्यादेवी होळकरांची आख्यायिका. ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही, असे देवींनी सुनावले. फंदीने डफ फोडला आणि तो कीर्तनाकडे वळला. ही कथा आपण पापी सुधारल्याच्या चालीवर सांगतो. परिणामी तमासगीर फंदी एका बाजूला पडतो आणि पाठ्यपुस्तकाला सोयीचा असा नीतिकवी तेवढा उरतो.

कालक्रम पाहिला तर ही वाटणी टिकत नाही. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ मधली. देवींचे निधन त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाले. भेट घडली असेल तर ती त्यापूर्वीच. दुसरा बाजीराव गादीवर आला तो मात्र डिसेंबर १७९६ मध्ये. त्याच्या अमदानीवर फंदीच्या नावाने असलेली रचना कीर्तनकाराची नव्हे, चाबूक ओढणाऱ्या शाहिराची आहे. वडिलांच्या वेळच्या चाकरांना भाकरी मिळेनाशी झाली आणि नालायकांच्या पानात तूपसाखर पडू लागली, ही तिच्यातली तक्रार थेट पेशव्यांच्या दारात जाऊन केलेली आहे. म्हणजे डफ फुटला असे मानले तरी जीभ बोथट झाली नव्हती.

आता फटक्याकडे वळू. ओळ तीस मात्रांची, सोळांवर विसावा, पुढे चौदा मात्रा आणि शेवटी ‘नको’. ही फडावर खेळवण्याची चाल आहे. ओळीच्या पोटात ‘ठेवा’ला ‘हेवा’ भिडतो, ‘डंका’ला ‘शंका’. ऐकणाऱ्याचा कान यमकाची वाट पाहत असतो, तेवढ्यात टोला बसतो. त्यातला सल्लाही संताचा नाही, बाजारपेठेत पोळलेल्या माणसाचा आहे. स्नेहासाठी पदरचे खर्च कर, पण कोणाला जामीन राहू नको, असे सांगणाऱ्याने जामीनकीचे परिणाम नक्की पाहिले असणार. कोणाच्या तरी पाठबळावर गोरगरिबांवर गुरकावू नको, सत्ता दोन दिवसांची आहे, हे सांगताना त्याच्या डोळ्यांसमोर कोणी कारभारी असलाच पाहिजे. अखेरीस हरिभजनाची आठवण येते खरी. पण फटका संपतो तो नौबतीच्या आवाजावर. फड जिंकून उठणाऱ्याचाच हा शेवट आहे.

विनोदी गीतकाराचे शब्द असे सरळ अर्थाने घेतले जाण्याचा अनुभव इंग्लंडातल्या नोएल कॉवर्डलाही (१८९९–१९७३) आला. नाटके तो स्वतः लिही, गाणी स्वतः रची, रंगमंचावर स्वतः उभा राही. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, जर्मनांशी दुष्टपणे वागू नका, असे बजावणारे उपरोधिक गाणे त्याने लिहिले. त्याचा रोख भोळसट दयावंतांवर होता. पण अनेकांनी ‘नका’ अक्षरशः घेतले, तक्रारी झाल्या आणि बीबीसीने ते गाणे लावणे थांबवले. कॉवर्डचा ‘नका’ उपरोधाचा, फंदीचा मनापासूनचा, हा फरक मोठा आहे. तरी दोघांचे शब्द गाणाऱ्याच्या नजरेसह ऐकायचे आहेत. ती नजर काढून घेतली की एकाचे गाणे देशद्रोही वाटते आणि दुसऱ्याचे सुभाषित होते.

मला वाटते, फंदीवर झालेला अन्याय अधिक सूक्ष्म आहे. कॉवर्डला निदान शिव्या मिळाल्या. फंदीला आपण आदर देऊन गप्प केले. त्याचा उपदेश पटतो तो तमाशा सोडल्यामुळे नव्हे, तमाशात शिकलेले त्याने कधीच टाकले नाही म्हणून. समोरच्याला ओशाळवून हसवायचे आणि हसता हसता शहाणे करायचे, ही विद्या त्याला फडानेच दिली.

२०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. ती आख्यायिका आता व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येईल. येऊ दे, कथा चांगलीच आहे. फक्त ती सांगून झाल्यावर फटका प्रार्थनेच्या सुरात म्हणू नये. शेजारी एखादा ढोलकीवाला बसवावा, आणि ‘नको’ आला की त्याने कोणाकडे पाहायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.