हरित प्रतिज्ञा आणि खरी वजने

महाविद्यालयांच्या अहवालांत अलीकडे एक नवे प्रकरण रूढ झाले आहे. त्यात वृक्षारोपणाची छायाचित्रे असतात, सौरऊर्जेचा व पर्जन्यजल साठवणीचा उल्लेख असतो आणि अखेरीस हरित लेखापरीक्षणाचे प्रमाणपत्र जोडलेले असते. अशा लेखनाचे परीक्षण करणे ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकाचे काम आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते ते आहे. कारण येथे प्रश्न सृष्टीचा आहे आणि साक्षीच्या खरेपणाचाही आहे.

या चळवळीचा उगम निखळ होता. १९९० साली फ्रान्समधील तालुआर येथे २२ विद्यापीठप्रमुखांनी दहा कलमांची घोषणा केली व उच्च शिक्षणाने पर्यावरणाची जबाबदारी पत्करावी असे म्हटले. तिच्यावर पुढे शेकडो संस्थांनी सह्या केल्या. परंतु वचन मोडणाऱ्याला जाब कोणी विचारावा, हे त्या कलमांत नव्हते. हा दोष पुढील सर्व प्रयत्नांना चिकटून राहिला.

आपल्याकडे बंगळूर येथील राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे 'नॅक'ने, २०१७ मध्ये आपली मूल्यांकनपद्धती सुधारली. तीत सुमारे सत्तर टक्के गुण महाविद्यालयाने स्वतः पुरविलेल्या माहितीवर अवलंबून ठेवले गेले. माहितीची छाननी होई, हे खरे. पण पुढे पर्यावरणविषयक जो निकष आला, त्यात हरित, ऊर्जा व पर्यावरण अशी लेखापरीक्षणे केली आहेत काय, एवढेच पाहून गुण ठरत. परीक्षणात काय आढळले, पाण्याचा वापर घटला की वाढला, यावर ते गुण अवलंबून नव्हते. आरसा विकत घेतला म्हणून तोंड धुतल्याचे प्रशस्तिपत्र मिळावे, तसा हा प्रकार झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने एका तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली, तेव्हा परीक्षकाचे परीक्षण कोणी करावे, हाही प्रश्न उभा राहिला.

बोरगावातून पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. हा तंबाखू व उसाचा मुलूख. जवळच्या इचलकरंजीत पंचगंगेचे प्रदूषण डोळ्यांसमोर आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी हा सीमाभाग वेढला होता. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीला आंदोलन झाले व गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. वजन आणि मोल दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे काय होते, हे येथील माणसाला शिकवावे लागत नाही. त्याची मुले ज्या महाविद्यालयात जातात, तेथील दाव्यांनाही तीच तराजू लावण्याचा त्याला अधिकार आहे.

पवित्र शास्त्राची भूमिका स्पष्ट आहे. उत्पत्ती २:१५ मध्ये मनुष्याला बागेची मशागत व राखण सोपविली आहे. तेथील इब्री क्रियापदांत सेवा आणि पहारा असे दोन्ही अर्थ आहेत. लेवीय १९:३५-३६ खोट्या मापांचा निषेध करते. लूक १६ मधील कारभाऱ्याने हिशेब मागितला जाताच कागदावरील आकडे बदलविले. धन्याने त्याच्या चतुराईची वाखाणणी केली, तरी त्याचे कारभारीपण त्याला परत मिळाल्याचे आपण वाचत नाही.

खेड्यातील लहान महाविद्यालयांची अडचण आम्ही जाणतो. वर्गखोली गळत असता सौरऊर्जेला पैसा कोठून आणावा? म्हणूनच अशा संस्थेने प्रामाणिकपणे लिहिलेल्या 'आम्हांला जमले नाही' या वाक्याला सुशोभित प्रमाणपत्राहून अधिक मान मिळावयास हवा. वीज, पाणी व कचरा यांचे वर्षावर्षाचे आकडे मराठीत व कन्नडमध्ये फलकावर लावावेत. लावलेल्या रोपांऐवजी तीन उन्हाळे जगलेल्या झाडांची संख्या सांगावी. विद्यार्थ्यांना व गावकऱ्यांना प्रश्न विचारण्याची मुभा असावी.

याचा आरंभ मंडळीच्या संस्थांनी व आपल्या सेमिनरींनी करावा. इतरांकडे हिशेब मागण्यापूर्वी आपली वही उघडी ठेवणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.