शेजारी शेजारी की एकावर एक?

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्यांवर काय बोलायचं? पण जिथे दिवसाचे सात-आठ तास आपलं लक्ष गुंतलेलं असतं, त्या जागेची मांडणी कोणत्या समजुतीवर उभी आहे, हे विचारणं आमच्या विषयातच येतं असं आम्ही मानतो.

पद्धती मुळात दोन. एकीत खिडक्या टेबलावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर पडतात. दुसरीत त्या फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसतात, म्हणून तिचं नाव टायलिंग. एकावर एक खिडक्यांची कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात, ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मॉलटॉकमध्ये आकाराला आली. गंमत अशी की त्याच झेरॉक्सच्या १९८१ च्या ‘स्टार’ संगणकात खिडक्या मुख्यतः शेजारी शेजारी होत्या. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही तसंच. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढल्या, आणि पुढे तीच रीत स्वाभाविक वाटू लागली.

‘स्वाभाविक’ म्हटलं की आपण जरा थांबायला हवं. या रीतीची बाजू मांडणारे म्हणतात, खऱ्या टेबलावर असंच असतं. असतं का? खरं टेबल चार फुटांचं. तिथे खालच्या कागदाची कड दिसते, रंग ओळखू येतो. चौदा इंची पडद्यावर पूर्ण झाकलेली खिडकी फक्त आपल्या स्मरणात उरते. म्हणजे पडद्याची अडचण स्मरणशक्तीच्या डोक्यावर टाकली, इतकंच झालं.

मग टायलिंगवाले पुढे येतात. त्यांचा दावा असा, की काहीच झाकलेलं नाही, म्हणजे सगळं मनासमोर आहे. हाही दावा घाईचा आहे. आपल्या न्यायदर्शनाने मन अणुपरिमाण मानलं. अनेक ज्ञानं एकाच वेळी उपजत नाहीत, हीच त्याच्या मते मन असल्याची खूण. अणू राहू द्या बाजूला, पण अनुभव तपासून बघा. दोन खिडक्या दिसतात, वाचली जाते एकच. नजर इकडून तिकडे जाते आणि परत येते. टायलिंगने दोन गोष्टी एकदम कळत नाहीत. फक्त येण्याजाण्याचा रस्ता छोटा होतो, हात न हलवता डोळे फिरवले की काम भागतं.

आता हा छोटा रस्ता हवा कधी? तुलना करायची असेल तेव्हा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला पुरं झालं. तिथे निरनिराळ्या पोथ्यांमधले पाठ एका तक्त्यावर एकाखाली एक मांडून भेद नोंदवले जात. पोथ्यांचा ढीग उपसत बसून हे झालं नसतं. उलट एकच पोथी शांतपणे वाचणाऱ्याला शेजारी दुसरी उघडून ठेवण्याचा काय उपयोग?

१९८६ साली सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी या दोन पद्धती माणसांवर ताडून पाहिल्या. निष्कर्ष कुणा एकाच्या बाजूने गेला नाही. खिडक्यांची हलवाहलव फारशी लागत नव्हती, तिथे शेजारी शेजारी मांडणीत काम लवकर झालं. हलवाहलव बरीच लागत होती, तिथे काही जणांचं काम एकावर एक मांडणीत लवकर झालं. म्हणजे ‘चांगली पद्धत कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, कुणासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आमची खरी तक्रार आजच्या मांडण्यांबद्दल आहे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये खिडकी कडेला ओढली की अर्धा पडदा व्यापू लागली. २०२१ च्या विंडोज ११ ने तयार आराखडे दिले. २०२४ मध्ये मॅकओएस सेक्वोयानेही ही सोय आणली. सोय आहे, नाही कशाला म्हणा? पण अर्धा-अर्धा आणि पाव-पाव हे वाटे पडद्याचे आहेत, कामाचे नव्हेत. समान वाटा दिसायला निःपक्षपाती असतो, पण त्यात मूळ ग्रंथ आणि गप्पांची खिडकी एका पंक्तीला बसतात. या बाबतीत लिनक्सवाल्यांचा २००६ चा डीडब्ल्यूएम आम्हाला अधिक विचारी वाटतो. त्याच्या नेहमीच्या मांडणीत एक खिडकी मुख्य, बाकीच्या बाजूला रांगेत. मुख्य काय आणि अनुषंगिक काय, हे तिथे आधी ठरवावं लागतं.

आता तुमच्याकडे येतो. हे व्याख्यान वाचताना शेजारी काय उघडं आहे? टिपणं असतील तर उत्तम. टपालपेटी असेल, तर तिथला आकडा बदलला की नजर जाणारच. एकावर एक मांडणीत ती निदान झाकली गेली असती. टायलिंगने तिला कायमची खुर्ची दिली.

ज्या विद्यार्थ्याकडे एकच छोटा लॅपटॉप आहे, त्याला हे सगळ्यात महाग पडतं. व्याख्यात्याच्या चेहऱ्याला अर्धा पडदा, आणि उरलेल्या अर्ध्यात चार-पाच शब्दांच्या तुटक ओळी. त्याने आवाज ऐकावा, चेहरा झाकून टाकावा आणि टिपणवहीला पूर्ण पडदा द्यावा. आमचाही चेहरा झाकायला हरकत नाही, बरं का!

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. ज्यांची तुलना करायची आहे, त्याच दोन गोष्टी शेजारी ठेवा. विंडोजवर विंडोजची कळ आणि डावा-उजवा बाण दाबला की ते होतं. तुलना संपली की एक मिटवा. बाकी सगळं नजरेआड. आणि आराखडा निवडण्याआधी स्वतःला विचारा, आत्ता मुख्य काम कोणतं? हे उत्तर कोणतीही प्रणाली आपल्या वतीने देणार नाही, आणि तिने ते देऊही नये. आता तुमचे प्रश्न घेऊ.