मनुष्य असल्याची विचारणा : चर्चापीठावरील यंत्रवाणीची एक समीक्षा

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे ‘मिलिंद’ हे आणि त्याच्या परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव मिळाले. विद्येच्या आवाराला दात्याचे अथवा विजेत्याचे नाव देण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो. येथे मात्र एका चर्चेतील दोन्ही पक्षांची नावे शेजारी शेजारी ठेवली गेली. यवन राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांचा ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ पाली वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्यातील एक लहानसा प्रसंग आम्हांस येथे महत्त्वाचा वाटतो. राजा चर्चेची इच्छा प्रकट करतो तेव्हा नागसेन एक अट घालतात : पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात गुंता पडतो आणि सुटतो, एकाची चूक दुसरा दाखवितो, पहिला ती मान्य करतो, आणि तरीही कोणी क्रुद्ध होत नाही. राजे एक गोष्ट प्रतिपादन करतात आणि जो ती मानीत नाही त्यास दंड करतात.

या अटीत एक गृहीत आहे, आणि ते इतके स्वाभाविक आहे की ग्रंथकारास ते सांगण्याची गरज भासली नाही. ज्याची चूक दाखवावयाची तो समोर आहे आणि चूक पटल्यावर ती मान्य करणारे कोणी तेथे आहे, हे ते गृहीत होय. आज जगभरच्या चर्चापीठांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘बॉट’ नावाची यंत्रे माणसांच्या नावाने बोलू लागली आहेत. त्यामुळे हेच गृहीत डळमळीत झाले आहे. त्याचा विचार एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे.

झुरिकचा प्रयोग

रेडिट या संकेतस्थळावर ‘चेंज माय व्ह्यू’, अर्थात ‘माझे मत बदला’, या नावाचे एक मोठे चर्चापीठ आहे. एखादा सदस्य आपले मत मांडतो, इतर सदस्य त्याचा युक्तिवादाने प्रतिवाद करतात, आणि मत खरोखर बदलले तर मूळ लेखक प्रतिवाद करणाऱ्यास ‘डेल्टा’ हे चिन्ह देतो. आपले मत चुकीचे असू शकेल हे आधीच मान्य करून लोक तेथे येतात. पंडितवादाच्या इतकी जवळची प्रथा आजच्या काळात दुर्मीळच म्हणावी लागेल.

नोव्हेंबर २०२४ पासून काही महिने स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी या चर्चापीठावर अनेक बनावट खाती उघडून यंत्रलिखित असे १,७०० हून अधिक प्रतिसाद प्रसिद्ध केले. यंत्राने लिहिलेला मजकूर तसा जाहीर करावा, असा तेथील नियम होता. तो पाळला गेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये चर्चापीठाच्या संचालकांनी ही गोष्ट सदस्यांस कळविली तेव्हा मोठा क्षोभ उसळला. या खात्यांपैकी एकाने स्वतःस लैंगिक अत्याचाराचा बळी म्हणविले होते, दुसऱ्याने अत्याचारपीडितांचा समुपदेशक म्हणविले होते, तर आणखी एकाने कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीस विरोध करणारा कृष्णवर्णीय पुरुष म्हणविले होते. शिवाय ज्याचे मत बदलावयाचे त्याच्या पूर्वीच्या लेखनावरून त्याचे वय, लिंग, वंश, ठिकाण आणि राजकीय कल यांचे अनुमान दुसऱ्या यंत्राकडून करवून घेऊन प्रतिसाद त्या त्या व्यक्तीस अनुरूप बनविले जात होते.

संशोधकांची बाजू अशी होती, की प्रत्येक प्रतिसाद प्रसिद्धीपूर्वी माणसाने वाचला होता. दुष्ट हेतूने हेच करणारे लोक जगात आहेत, तेव्हा त्यांचे सामर्थ्य किती हे समाजास कळले पाहिजे. आणि आधी सांगितले असते तर प्रयोगच निष्फळ ठरला असता. पुढे त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरविले आणि विद्यापीठाने प्रमुख संशोधकास ताकीद दिली. संशोधकांच्या युक्तिवादातील दुसरा मुद्दा आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु चोरी किती सोपी आहे हे दाखविण्यासाठी शेजाऱ्याच्या घरात शिरावे लागत असेल, तर त्या शेजाऱ्याची संमती हा प्रश्न उरतोच.

महावग्गातील नाग

या प्रकरणात दोष नेमका कोठे आहे हे ठरविण्यास विनयपिटकातील एक कथा आम्हांस उपयोगी वाटते. महावग्गाच्या पहिल्या खंधकात, उपसंपदेच्या प्रकरणात, ती आली आहे. आपल्या नागयोनीस विटलेल्या एका नागाने तरुणाचे रूप घेऊन भिक्खूंकडून उपसंपदा मिळविली. एका विहारात तो दुसऱ्या भिक्खूसह राहत असे. एके पहाटे सोबती बाहेर चंक्रमण करीत असता हा निःशंक होऊन झोपी गेला, आणि झोपेत त्याचे मूळ रूप प्रकट होऊन सारी खोली सर्पदेहाने भरून गेली. वेटोळी खिडक्यांतून बाहेर आली. सोबत्याने परत येऊन दार उघडले आणि भयाने किंकाळी फोडली. विचारणा झाल्यावर नागाने सर्व खरे सांगितले. तथागतांनी त्यास दंड केला नाही. या जन्मी या धम्मविनयात तुझी वाढ व्हावयाची नाही, तू उपोसथ पाळ, म्हणजे या योनीतून लवकर सुटशील, असे त्यास सांगितले. नाग रडत निघून गेला. उपसंपदेच्या वेळी उमेदवारास जे प्रश्न विचारले जातात त्यांत तू मनुष्य आहेस ना, हाही एक प्रश्न आहे. त्याच प्रश्नावलीच्या अखेरीस त्याचे नाव आणि त्याच्या उपाध्यायाचे नावही विचारले जाते.

या कथेतील नाग दुष्ट नव्हता; त्याचा हेतू बऱ्याच भिक्खूंपेक्षाही शुद्ध असेल. त्याने काही वाईट शिकविले, कोणास दंश केला, असेही कथेत नाही. हरकत एवढीच, की तो कोण आहे हे न कळता संघाने त्यास आपल्यात घेतले होते. सोबत्याच्या किंकाळीचे मर्म येथे आहे. इतके दिवस आपण कोणासोबत राहिलो, हे त्यास एका क्षणात कळले. एप्रिल २०२५ मध्ये त्या चर्चापीठाच्या सदस्यांची जी अवस्था झाली ती याहून फारशी निराळी नसावी.

दोन आक्षेप

येथे अभ्यासू वाचक दोन आक्षेप घेतील. पहिला असा, की सद्धर्मात ‘अत्ता’ मानलेलाच नाही. स्वतः नागसेनांनी राजास रथाचा दृष्टान्त देऊन दाखविले, की चाके, आस, जू यांपलीकडे रथ म्हणून काही सापडत नाही, तद्वत ‘नागसेन’ हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे. मग प्रतिसादामागे कोणी ‘व्यक्ती’ असावी असा आग्रह आम्ही कोणत्या तोंडाने धरावा? या आक्षेपाचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. आंबे चोरणारा म्हणाला, की याने लावले ते आंबे निराळे आणि मी नेले ते निराळे, तर तो सुटत नाही. कारण नेलेले आंबे लावलेल्यांतूनच उत्पन्न झाले आहेत. म्हणजे आत्मा नाकारला तरी कर्माचे दायित्व नाकारले जात नाही. नागसेन हे नाव व्यवहारापुरते असले, तरी त्या नावाने हाक मारल्यावर ओ देणारा, काल केलेल्या विधानाबद्दल आज उत्तर देणारा कोणी तेथे होता. बनावट खात्यामागे हे सातत्य नसते. त्याचा अत्याचार कधी घडलाच नाही; त्याविषयी उलट विचारल्यास ते आणखी एक तपशील रचून देते.

दुसरा आक्षेप असा, की युक्तिवाद खरा की खोटा हे तो कोणी केला यावर अवलंबून नसते. हे आम्हांस मान्य आहे. यंत्राने गणित मांडले आणि ते बरोबर असले, तर ते बरोबरच आहे. परंतु त्या खात्यांनी केवळ युक्तिवाद केला नाही. त्यांनी साक्ष दिली. ‘हे मी भोगले आहे’ या वाक्याचे सारे वजन बोलणाऱ्यावर असते. बोलणारा काढून घेतला, तर त्या वाक्यात काहीही शिल्लक राहत नाही.

साक्षीचे मोल

हा मुद्दा आमच्या प्रदेशातील वाचकांस दूरचा वाटू नये. १९२० साली जे पाक्षिक निघाले त्याचे नाव ‘मूकनायक’ होते, यावरूनच बोलण्याचा अधिकार कोणास नव्हता ते कळते. पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी अनेकांस प्रथमच लिहिते केले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, उर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली. या आत्मकथनांवर कलादृष्ट्या वाद झाले, आणि ते व्हावयासही हवेत. परंतु ज्यांच्याकडे जमीन, ग्रंथालय, वृत्तपत्र यांपैकी काहीच नव्हते त्यांच्याकडे आपले भोगलेले सांगणे हे एकच भांडवल होते, याविषयी दुमत नसावे. हे भांडवल यंत्राकडून हवे तेवढे छापून घेता येऊ लागले, तर खऱ्या नाण्याचेही मोल उतरते. पीडितेने आपली हकीकत लिहावी आणि पहिला प्रतिसाद ‘हे यंत्राने लिहिले असेल’ असा यावा, ही खरी हानी होय. ती झुरिकच्या संशोधकांच्या हिशेबात नव्हती.

मतगणनेचेही तसेच. संघाच्या कार्यपद्धतीत बहुमताने निर्णय करावयाचा झाल्यास शलाका वाटल्या जात, आणि त्यांची जबाबदारी छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणाऱ्या भिक्खूकडे दिली जाई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी संघाच्या गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान इत्यादी नियमांचा उल्लेख केला होता. एकच चालक शंभर नावांनी बोलू लागला, तर कोणत्याही शलाकेस अर्थ उरत नाही.

सांगकाम्याचे उदाहरण

मग यंत्रास चर्चेच्या आवारात पाऊलच ठेवू देऊ नये काय? असे आम्ही म्हणत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सदस्यांच्या चर्चेच्या जागेस ‘चावडी’ म्हणतात, आणि बॉटला तेथे फार सुंदर मराठी नाव आहे : ‘सांगकाम्या’. सांगितले तेवढेच करणारा, असा त्याचा अर्थ. एका लेखास इतर भाषांतील लेखांशी जोडणारे दुवे घालण्याचे कंटाळवाणे काम विकिडेटा येण्यापूर्वी अशाच सांगकाम्यांनी वर्षानुवर्षे केले. लेखाच्या इतिहासात ‘सांगकाम्याने वाढविले’ अशी नोंद उमटत असे. त्याचे खाते स्वतंत्र असते, त्यास तशी खूण असते, आणि तो कोण चालवितो हे पाहता येते. महावग्गाच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो आपले मूळ रूप लपवीत नाही आणि आपल्या उपाध्यायाचे नाव सांगतो. त्याची चूक झाली तर ती कोणास दाखवावयाची, हे ठाऊक असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०१९ पासून अमलात आणलेल्या कायद्यातही विक्री वाढविण्यासाठी किंवा मतदानावर प्रभाव पाडण्यासाठी बॉटने आपले स्वरूप लपवून लोकांस फसविणे निषिद्ध ठरविले आहे. चावडीवरील जुनी शिस्त त्याहून व्यापक आहे, कारण ती प्रत्येक कामास लागू आहे.

मात्र एका बाबतीत विनयातील पद्धती जशीच्या तशी उचलणे आम्हांस धोक्याचे वाटते. तेथे प्रश्न उमेदवारास विचारला जातो. आज चर्चापीठाच्या दारात प्रत्येकास ‘मनुष्य असल्याचे सिद्ध कर’ म्हटले, तर कागदपत्रे नसलेला, खऱ्या नावाने बोलण्यास भिणारा मनुष्यच प्रथम बाहेर राहील. टोपणनाव हा अपराध नव्हे. केशवसुत आणि कुसुमाग्रज यांच्या भाषेत हे सांगावयास नको. गावातील अन्यायाविषयी लिहिणाऱ्या तरुणीस टोपणनावाचा आडोसा हवाच. ज्या समाजास शतकानुशतके आपले मनुष्यत्व सिद्ध करावयास लावले गेले, त्यास पुन्हा त्याच दारात उभे करण्यात न्याय नाही. म्हणून पुराव्याचा भार बोलणाऱ्यावर न टाकता यंत्र चालविणाऱ्यावर टाकला पाहिजे : त्याने यंत्रास यंत्र म्हणावे, आपले नाव सांगावे, आणि जे यंत्राने भोगलेले नाही ते भोगल्याचे त्याच्याकडून वदवू नये.

नागास तथागतांनी हाकलून दिले नाही, पाळता येईल असे व्रत देऊन पाठविले. यंत्राच्या चालकांकडून आम्ही त्याहून अधिक काही मागत नाही. नागसेनवनातील विद्यार्थी आज भ्रमणध्वनीवरील गटांत रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. त्यांना उत्तर देणारे कोणी आहे, आणि चूक पटली तर ती मान्य करणारे कोणी आहे, एवढी खात्री त्यांना असली पाहिजे.